बॉनेटखालचा ‘फुस्स’ आवाज आणि आपल्या रस्त्यांवरचा फुफाटा : टर्बो गाड्यांना बाहेरचे पाइप लावण्याचं खूळ कुणाला महागात पडतंय?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस. या चारही तालुक्यांच्या रस्त्यांवर सध्या एक नवा आवाज ऐकू येतो. बुलेटच्या फटाक्यांची सवय लोकांना झालीच होती. आता चारचाकी गिअर बदलते तेव्हा बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो, आणि पाय दाबला की शिट्टी वाजल्यासारखं होतं. धाब्यावर, कॉलेजच्या गेटवर, लग्नाच्या वरातीत पोरं मुद्दाम दोनदा-तीनदा ॲक्सिलेटर मारून तो ऐकवतात. मोबाइलवर रील निघते, खाली लाइक पडतात. गाडी कुणाची, तर बहुतेक वेळा बापाच्या डाळिंबाच्या नाहीतर उसाच्या पैशातून घेतलेली, निम्मी कर्जावर.

हा आवाज कुठून येतो हे पोरांना माहीत आहे, बापांना नाही. गाडी घेतल्यावर टर्बोला हवा देणारा कंपनीचा पाइप आणि फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा आणि त्या जागी ॲल्युमिनियमचा चकचकीत पाइप, लाल-निळे सिलिकॉनचे बेंड आणि टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा, असा हा उद्योग आहे. सामान ऑनलाइन मागवलं की कुरिअरने तालुक्याला येतं. बायपासच्या गॅरेजात दोन तासांत बसतं. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत तो लेथवाल्याकडून नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून स्टीलचा पाइप वाकवून घेतो.

सायलेन्सरवर पोलिसांचं लक्ष असतं. ठिकठिकाणी बुलेटचे सायलेन्सर काढून त्यावर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. हा पाइप मात्र बॉनेटच्या आत असतो. नाक्यावर कुणी बॉनेट उघडायला लावत नाही. त्यामुळं हा विषय बातमीत येत नाही, आणि येतो तो थेट गॅरेजच्या बिलातून.

हे आत्ताच का वाढलं, याची कारणं सरळ आहेत. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, बाकी काही कंपन्यांनीही लहान डिझेल इंजिनं बंद केली. शहरातल्या त्या जुन्या डिझेल स्विफ्ट, व्हर्ना, स्कॉर्पिओ सेकंडहँड बाजारातून आपल्याकडं आल्या. त्या सगळ्या टर्बोच्या. दुसरीकडं पेट्रोलमध्येही छोट्या इंजिनाला टर्बो लावायची पद्धत रुळली. २०१७ च्या नेक्सॉनला १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, २०१९ च्या व्हेन्यूला १ लिटरचं, २०२३ च्या फ्रॉन्क्सलाही १ लिटरचं. म्हणजे पूर्वी टर्बो हा शब्द ट्रकवाल्यांचा होता, आता तो घराघरात आला. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्याच सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. तो चांगला निर्णय आहे, गरजेचे पार्ट स्वस्त झाले. पण हौसेचे पार्टही त्याच रांगेत बसतात.

पाइप एक नाही, दोन आहेत

गॅरेजात बोलताना ‘इनटेकचा पाइप’ असं सरसकट म्हणतात, आणि बरीचशी गडबड तिथंच सुरू होते. टर्बोच्या गाडीत हवेचा रस्ता दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा फिल्टरपासून टर्बोपर्यंत. दुसरा टर्बोपासून इंटरकूलरमधून इंजिनापर्यंत.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, तोच दांडा दुसरा पंखा फिरवतो आणि तो बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात ढकलतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात, छोट्या टर्बोचे तर दोन लाखांच्या आसपास. हवा दाबली की तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर.

आता पहिल्या तुकड्यात हवा ओढली जाते आणि दुसऱ्यात ती ढकलली जाते. दुसऱ्या तुकड्याला भेग पडली तर हवा बाहेर पडते. शिट्टी वाजते, गाडीला ताकद राहत नाही, डिझेल गाडी काळा धूर सोडते. मालकाला लगेच कळतं आणि तो गाडी दाखवायला नेतो. पण पहिल्या तुकड्याला, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला, केसाएवढी फट राहिली तर आवाज नाही, धूर नाही, ताकदही कमी होत नाही. गाडी मस्त पळते. फक्त त्या फटीतून न गाळलेली हवा आत जाते, आणि आपल्याकडं न गाळलेली हवा म्हणजे फुफाटा.

किती हवा जाते याचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून इथं करून दाखवतो. अडीच लिटरचं डिझेल इंजिन अडीच हजार आरपीएमवर चाललंय असं धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे मिनिटाला साडेबाराशे वेळा अडीच लिटर, तीन हजार लिटरच्या वर. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळं भार असताना हा आकडा पाच हजार लिटरपर्यंत जातो. घरावर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा पाच टाक्या हवा दर मिनिटाला. मुरमाच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीमागं, रस्त्याच्या कामावरच्या टिपरमागं चालताना त्या पाच टाक्यांत काय काय असेल याचा विचार करा. या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. हंगामात फडापासून कारखान्यापर्यंतचे रस्ते दिवसरात्र उडत असतात.

मातीतली बारीक वाळू पिस्टनच्या रिंगपेक्षा आणि लायनरपेक्षा कठीण असते. ती आत गेली की पॉलिश पेपरचं काम करते. आधी टर्बोच्या पंख्याच्या कडा झिजतात, मग रिंगा, मग लायनर. गाडी ऑइल खायला लागते. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच कुणी पाइपला दोष देत नाही. वर्ष-दीड वर्षानं इंजिन काम काढतं तेव्हा लोक म्हणतात, ‘कंपनीचं इंजिनच हलकं होतं.’

गंमत अशी की हेच आपण शेतकरी ट्रॅक्टरच्या बाबतीत किती जपतो! ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मुंडी वर काढलेला प्री-क्लीनर असतो, त्यात धूळ गोल फिरून बाजूला पडते. खाली कित्येक ट्रॅक्टरांना ऑइलबाथ फिल्टर असतो. नांगरट, रोटर चालू असताना म्हातारी माणसं रोज सकाळी ते ऑइल बघतात, गढूळ झालं की बदलतात. त्याच घरातला पोरगा अंगणात उभ्या असलेल्या आठ-दहा लाखांच्या गाडीचा फिल्टरचा डबा काढून माळ्यावर टाकतो आणि इंजिनाच्या गरम हवेत उघडा शंकू लावतो.

ताकद वाढते का?

विकणारे सांगतात, पाइप बदलला की दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढते. मोठ्या शहरात रेस लावणारे लोक पाइप बदलतात हे खरं आहे. पण ते सोबत इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलतात, टर्बो मोठा करतात, इंटरकूलर मोठा करतात. त्या सगळ्यात पाइप हा एक भाग असतो.

नुसता पाइप बदलला तर काय होतं? टर्बोने किती दाब द्यायचा हे आजच्या गाडीत कॉम्प्युटर ठरवतो. हवा थोडी मोकळी मिळाली तर टर्बोला थोडं कमी राबावं लागतं, पण दाब ठरलेलाच राहतो. डिझेलमध्ये तर ताकद किती डिझेल फवारलं यावर ठरते. जादा हवेला जादा डिझेल मिळालं नाही तर ती नुसती आत जाऊन बाहेर येते. आणि उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, ती विरळ असते. कंपनीचा डबा समोरच्या जाळीजवळून थंड हवा घेतो. त्यामुळं चढाला, उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत उलट नुकसान. जे वाढतं ते आवाज. कारण तो प्लॅस्टिकचा डबा आवाज दाबण्याचंही काम करत होता. कानाला जास्त ऐकू आलं की पायाला गाडी जास्त पळाल्यासारखी वाटते.

‘फुस्स’चंही तसंच. पेट्रोल टर्बो गाडीत पाय सोडला की दाबलेली हवा अडते, ती सोडून द्यायला एक व्हॉल्व्ह असतो. कंपनी ती हवा परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडते. पोरं तो रस्ता बंद करून हवा बाहेर सोडतात, म्हणून आवाज. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो तिथं ती हवा आधीच मोजलेली असते. कॉम्प्युटर तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि हवा मात्र निघून गेलेली. गाडी अडखळते, पेट्रोल जास्त जाळते. डिझेल गाडीला तर या कामासाठी असा व्हॉल्व्ह मुळात लागतच नाही. तिथं जे किट लावतात ते केवळ आवाजासाठी दाबलेली हवा वाया घालवतं.

त्या सेन्सरचा आणखी एक त्रास आहे. तो ठरावीक व्यासाच्या नळीसाठी बनवलेला असतो. नळी जाड-बारीक झाली, वाकण सेन्सरच्या अगदी जवळ आलं की मोजमाप चुकतं. उघड्या शंकूंतले बरेच फिल्टर तेल लावलेल्या कापडाचे असतात. धुऊन झाल्यावर तेल जरा जास्त झालं की ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी स्कॅनरवर जाते, आणि सेन्सर बदलायला सांगितलं जातं. सेन्सर बिचारा चांगला असतो.

हौशी पोरांपेक्षा पिकअपवाल्यांचं दुखणं मोठं

आतापर्यंत हौसेची गोष्ट झाली. पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते लोक वेगळे आहेत. दूध, डाळिंब, भाजी, कडबा वाहणारे पिकअपवाले. त्यांना आवाजाची हौस नाही. त्यांचा रबरी बेंड उन्हानं, तेलाच्या वाफेनं आणि हादऱ्यांनी पाच-सात वर्षांत फुगतो किंवा चिरतो. कंपनीचा बेंड तालुक्याला लगेच मिळत नाही, मागवावा लागतो. डाळिंब तोडून क्रेटमध्ये भरलेलं असतं, सौद्याची वेळ चुकवून चालत नाही. मग जवळचा वेल्डिंगवाला स्टीलचा पाइप करून देतो, दोन टोकांना जुन्या ट्यूबचं रबर, वर साधी क्लिप, आणि गाडी रस्त्याला.

आमच्या भागातल्या एका डाळिंबवाल्याच्या पिकअपचं असंच झालं. फिल्टरकडून टर्बोकडं जाणारा बेंड चिरला होता. त्या मूळ बेंडला बाजूनं एक बारीक तोंड असतं, इंजिनाच्या पोटातली वाफ तिथून परत ओढली जाते. गॅरेजवाले त्याला ब्रीदर म्हणतात. नव्या स्टीलच्या पाइपला ते तोंड ठेवलंच नाही. ब्रीदरच्या नळीत बोल्ट घालून क्लिप आवळली. गाडी सुरू झाली, मालही पोचला.

पण इंजिनाच्या पोटातला दाब कुठं तरी जाणारच. तो ऑइल सीलवर येतो, टर्बोतून खाली येणारं ऑइल अडवतो, आणि मग टर्बोतलं ऑइल पंख्याकडून हवेच्या पाइपात उतरतं. एका हंगामात त्या गाडीचा इंटरकूलर ऑइलने भरला, निळा धूर सुरू झाला. आधी टर्बो बदलला. मूळ कारण तसंच होतं, म्हणून नवा टर्बोही ऑइल टाकायला लागला. शेवटी इंजिन खोललं तेव्हा लायनरवर रेघा होत्या, कारण ट्यूबच्या रबराखालून धूळही जात होती. पाइपाला काहीशे रुपये गेले होते. इंजिन आणि टर्बो मिळून खर्च लाखाच्या पुढं गेला. त्यात गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडं धरलेलं नाही, आणि हप्ता काही थांबत नाही.

याहून वाईटही होऊ शकतं. डिझेल इंजिनाला टर्बोतून उतरलेलं ऑइल इंधनासारखं मिळायला लागलं तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आपोआप चढत जातं. अशा वेळी जवळ उभं राहू नये. हातानं चालवायची गिअरची गाडी असेल तर वरच्या गिअरात टाकून ब्रेक दाबून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ड्रायव्हर लोकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात वेगळा धोका. काही किटांमध्ये पाइप खाली नेऊन फिल्टर बंपरच्या मागं ठेवतात, थंड हवेसाठी. जिथं रस्त्यावर पाणीच येत नाही तिथं ते ठीक. आपल्याकडं ओढ्याला पाणी आलं की फरशीवरून गाडी घालायची सवय. फिल्टर पाण्यात बुडाला तर टर्बो पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या गाडीत हवा घेण्याचं तोंड शक्य तितकं वर ठेवलेलं असतं ते काही उगीच नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातल्या गोष्टी कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं किंवा धुराचं प्रमाण मोडलं तर कलम १९०(२) आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

आता पाइप काही नोंदणी पुस्तकात लिहिलेला नसतो. म्हणून गॅरेजवाले म्हणतात, ‘याला काही होत नाही.’ अर्धं खरं आहे. पण गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं तेव्हा धूर आणि आवाज त्याच डब्यावर, त्याच पाइपावर तपासलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. त्यात गाडीनं रस्त्यावर चालतानाही किती धूर सोडला याची परीक्षा आली. अशा गाडीत हवेचं मोजमाप बिघडवलं तर प्रश्न फक्त हौसेचा उरत नाही.

माझं स्वतःचं मत असं की इथं कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. चिरलेल्या बेंडाच्या जागी त्याच मापाचा, त्याच तोंडांचा चांगला बेंड बसवणं ही दुरुस्ती आहे, मग तो कंपनीचा नसला तरी. तिच्यासाठी पिकअपवाल्याला नाक्यावर अडवू नये. फिल्टरचा डबा काढणं, ब्रीदर मोकळा सोडणं, दाबलेली हवा आवाजासाठी बाहेर सोडणं हा बदल आहे. एमएच १३ असो की एमएच ४५, पासिंगला आलेल्या गाडीचं बॉनेट उघडून एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. आज हेडलाइट आणि रिफ्लेक्टरवर जेवढा काथ्याकूट होतो, त्यातली दोन मिनिटं इथं दिली तर बरं.

विम्याचं तर अनेकांना माहीतच नाही. अपघाताचा विमा म्हणजे इंजिनाचा विमा नव्हे. पाणी ओढून इंजिन गेलं तर साध्या पॅकेज पॉलिसीत ते सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम पैसे भरून घ्यावं लागतं. आणि ते घेतलेलं असलं तरी सर्व्हेअरला खाली नेलेला बाहेरचा पाइप दिसला, जो विमा कंपनीला सांगितलेलाच नव्हता, तर दावा अडकायला ते कारण पुरेसं आहे. वॉरंटीतल्या गाडीचं तेच. टर्बो गेला आणि त्याच्या तोंडाला बाहेरचा पाइप असेल, तर शोरूमवाला पहिला फोटो त्याच पाइपाचा काढतो.

यात कमावतो कोण? सामान विकणारा बाहेरचा, पक्कं बिल क्वचितच देतो. बसवणारा पोरगा आपलाच, आयटीआय केलेला किंवा न केलेला, मजुरी हजार-पाचशे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. टर्बो, सेन्सर, इंटरकूलर हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो गाड्या खोलून खोलून शिकला आहे. जबाबदारी मात्र शेवटी कुणाचीच राहत नाही, कारण कागदच नाही. गाडी मालकाने निदान एवढं करावं : काय काढलं, काय बसवलं, हे बिलावर लिहून घ्यावं.

बसवायचाच असेल तर

ज्यांच्यावर खरंच वेळ आली आहे, म्हणजे बेंड फुटलाय आणि कंपनीचा मिळत नाही, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

बदललेला पाइप मूळ पाइपाच्याच व्यासाचा हवा आणि त्याला जितकी तोंडं होती तितकी नव्यालाही हवीत : ब्रीदरचं, सेन्सरचं, व्हॉल्व्हचं. एकही बंद करू नये. टर्बोच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला नुसता सिलिकॉनचा बेंड चालत नाही असं नाही, पण त्या बाजूला नेहमी थोडं ऑइल असतं आणि साधा सिलिकॉन ऑइलनं पाझरायला लागतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला मागावा, महाग असतो पण टिकतो. जुन्या ट्यूबचं रबर दोन्ही बाजूंना वर्ज्य.

धातूच्या पाइपाच्या टोकाला फुगवटा, म्हणजे उठावाची कडा, असलीच पाहिजे, नाहीतर दाबानं बेंड सटकतो. क्लिप त्या कडेच्या मागं बसवायची. दाबाच्या बाजूला बोल्टची रुंद क्लिप घ्यावी. साधी दातेरी क्लिप जास्त आवळली की रबर कापते. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून दोन्हींना जोडणाऱ्या पाइपात कुठं तरी रबराचा लवचीक तुकडा हवाच. अखंड लोखंडी पाइप केला तर वेल्डिंग तुटतं, आणि कुठं घासतोय का ते बघायला हवं.

वेल्डिंग केलेला पाइप असेल तर आतून घासून, धुऊन, हवा मारून मगच बसवा. आत राहिलेला वेल्डिंगचा एक कण लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्यावर गोळीसारखा बसतो. काम चालू असताना टर्बोच्या तोंडात चिंधी कोंबायची पद्धत आहे. ती काढायची विसरल्याने टर्बो गेल्याच्या गोष्टी गॅरेजात कमी नाहीत. चिंधी मोठी, रंगीत आणि बाहेर लोंबणारी असावी.

झाल्यावर गाडी चालू करून दाबाच्या बाजूच्या जोडांना साबणाचं पाणी लावा, एकाला सोबत घेऊन ॲक्सिलेटर द्या, बुडबुडे दिसतात. टर्बोच्या आधीच्या बाजूला बुडबुडे येणार नाहीत, कारण तिथं हवा आत ओढली जाते. तिथली परीक्षा वेगळी आहे. आठ-दहा दिवस चालवल्यावर, इंजिन बंद आणि गार असताना, फिल्टरनंतरचा पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो. पण फडक्यावर माती आली, करकर लागली, तर कुठंतरी फट आहे, गाडी तशी चालवू नका. क्लिपाही त्याच वेळी पुन्हा आवळून घ्या.

फिल्टर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं फुल दाबानं मारायची सवयही सोडा. कागदाचा फिल्टर फाटला की डोळ्याला दिसत नाही, उन्हाकडं धरून बघावा लागतो. आपल्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदलावा लागतो, आणि तो टर्बोच्या किमतीपुढं काहीच नाही.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर सौदा ठरायच्या आधीच हे फडकं खिशात ठेवावं. बॉनेट उघडल्यावर चकचकीत पाइप दिसला आणि विकणारा कौतुकानं सांगू लागला, तर फिल्टरनंतरची क्लिप सोडून आत फडकं फिरवू द्या असं म्हणा. नाही म्हणाला तर गाडी सोडून द्या. हो म्हणाला आणि फडकं स्वच्छ निघालं तर कंपनीचा मूळ डबा आणि पाइपही सौद्यात मागून घ्या. बहुतेक वेळा ते त्याच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असतात.